उताऱ्यात कुठं आहे?

एलसॅट या लॉ स्कूलच्या प्रवेश परीक्षेत लॉजिकल रीझनिंगचा, म्हणजे छोट्या उताऱ्यांवरच्या तर्काच्या प्रश्नांचा, विभाग सुरू होताना एक छोटी सूचना येते. सरावात ती इतक्यांदा डोळ्यांखालून गेलेली असते, की परीक्षेच्या दिवशी फारसं कुणी ती वाचत नाही. तिच्यात म्हटलेलं असतं की सर्वसाधारण समजुतीला न पटणारी, गरज नसताना घुसवलेली किंवा उताऱ्याशी न जुळणारी गृहीतकं धरू नका. आणि काही प्रश्नांत एकाहून जास्त पर्याय उत्तर म्हणून चालण्यासारखे वाटले, तरी त्यांतला सर्वांत चांगला निवडा. या परीक्षेसाठी मी केलेला जवळजवळ सगळा अभ्यास या शेवटच्या वाक्याभोवती फिरला. चालण्यासारखे दोन पर्याय समोर असताना त्यांतला एक कशावरून सरस ठरतो, हे मला मुळापासून समजून घ्यायचं होतं. गुणांसाठी ते हवंच होतं. पण मला कायदा शिकायचा होता, आणि हाती असलेल्या पुराव्यातून किती सिद्ध होतं आणि कुठून पुढे होत नाही हे ओळखता येणं हाच त्या शिक्षणाचा पाया आहे, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं.

आधी परीक्षेबद्दल थोडं. अमेरिका आणि कॅनडातल्या लॉ स्कूलच्या प्रवेशासाठी ही परीक्षा १९४८ पासून घेतली जाते. गुण १२० ते १८० या पट्टीवर मिळतात. बरीच वर्षं तिच्यात कोड्यांचा एक विभाग असे: कोण कुणाच्या शेजारी बसलंय, कुठल्या दिवशी कुणाची पाळी आहे, अशी कोडी. ऑगस्ट २०२४ पासून तो काढून टाकला. आता लॉजिकल रीझनिंगचे दोन विभाग, आकलनाचा एक आणि गुण न धरला जाणारा एक. गुण न धरला जाणारा विभाग चारांपैकी नेमका कोणता, हे परीक्षा देणाऱ्याला कळू देत नाहीत. प्रत्येक विभागाला ३५ मिनिटं. लॉजिकल रीझनिंगच्या एका विभागात साधारण २५ प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला पुरतं दीड मिनिटही येत नाही. प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय, आणि चुकीच्या उत्तराला वजा गुण नाहीत. गुण धरल्या जाणाऱ्या तीन विभागांपैकी दोन लॉजिकल रीझनिंगचे असल्यामुळे मोठी मदार आता त्यावरच आहे. परीक्षेतले प्रश्न बाहेर सांगणार नाही असं आपण लिहून दिलेलं असतं, त्यामुळे खाली जी उदाहरणं येतील ती मी स्वतः रचलेली आहेत.

बुद्धिमत्ता चाचणीच्या पुस्तकांतून ‘विधानं आणि अनुमानं’ हा प्रकार आपल्या ओळखीचा असतो. दोन विधानं दिलेली असतात, खाली अनुमानं असतात, आणि अनुमान एक तर निघतं किंवा निघत नाही. एलसॅटमध्येही असे प्रश्न येतात. पण त्याच्या शेजारीच दुसरा एक प्रकार बसलेला असतो: वरच्या विधानांवरून पुढीलपैकी कशाला सर्वांत जास्त आधार मिळतो? इथे उत्तर शंभर टक्के सिद्ध झालंच पाहिजे असं नाही. थोडी उडी चालते. किती चालते, हे मात्र कुणी मोजून देत नाही. इतर चार पर्यायांना त्याहून मोठी उडी लागते, एवढंच बघायचं. मला हा प्रकार सुरुवातीपासून आवडला, कारण रोजच्या आयुष्यात आपण ज्या अनुमानांवर चालतो ती बहुतेक अशीच असतात. पण आवडणं वेगळं आणि वेळेत बरोबर सोडवणं वेगळं.

पहिली गोष्ट पक्की करावी लागली ती आधाराची दिशा. काही प्रश्नांत आधार उताऱ्याकडून पर्यायाकडे जातो. काही प्रश्नांत तो पर्यायाकडून उताऱ्याकडे येतो: युक्तिवाद बळकट करा, कमकुवत करा, विसंगती उलगडा, वगैरे. दोन्हींची शब्दयोजना इतकी सारखी असते, की घाईत एकाच्या जागी दुसरा सोडवला जातो. प्रश्नात ‘खरं मानलं तर’ असे शब्द बहुधा असतातच, आणि ते कुणाला जोडलेत ते पाहिलं की दिशा कळते. ‘वरील विधानं खरी मानली तर’ असेल तर उतारा पक्का आणि पर्याय संशयित. ‘पुढीलपैकी कोणतं विधान, खरं मानलं तर’ असेल तर उलट: पर्याय गृहीत धरायचे आणि उताऱ्याचं काय होतं ते बघायचं. हे दिसायला अगदी साधं आहे. तरीही महिनाभर मी दर प्रश्नाआधी या तीन शब्दांखाली रेघ ओढत राहिले, तेव्हा कुठे ते आपोआप दिसायला लागलं.

आता एक उदाहरण सविस्तर घेते.

एका बेटावर सरड्यांच्या दोन जाती आहेत. ज्या वर्षी पाऊस सरासरीपेक्षा कमी पडतो, त्या वर्षी लहान जातीच्या सरड्यांची संख्या घटते. मोठ्या जातीच्या संख्येत फरक पडत नाही. दोन्ही जाती जवळपास तेच कीटक खातात, आणि कमी पावसाच्या वर्षी त्या कीटकांची संख्या घटत नाही.

यातून कशाला सर्वांत जास्त आधार मिळतो?

अ) कमी पावसाच्या वर्षी मोठे सरडे लहान सरड्यांना खातात.
आ) कमी पावसाच्या वर्षी लहान सरड्यांची घट भक्ष्याच्या एकूण तुटवड्यामुळे होत नसावी.
इ) लहान सरड्यांच्या अंगातलं पाणी मोठ्यांपेक्षा लवकर कमी होतं.
ई) पाऊस सरासरीइतका किंवा जास्त झाला की लहान सरड्यांची संख्या वाढते.
उ) दोन्ही जातींना कोणत्याही वर्षी भक्ष्याची कमतरता भासत नाही.

माझ्याबरोबर अभ्यास करणारी मैत्रीण प्राणिशास्त्र शिकलेली. हा प्रश्न मी तिला वाचून दाखवला तर तिने क्षणात ‘इ’ म्हटलं.

“अगं, लहान शरीराचा पृष्ठभाग आकारमानाच्या मानाने जास्त असतो. पाणी लवकर उडून जातं. हे पाठ्यपुस्तकातलं आहे.”

“पाठ्यपुस्तकात आहे. पण उताऱ्यात कुठंय?”

“उताऱ्यात नाहीये, पण खरं तर आहे ना!”

“खरं असू दे की. प्रश्न तो विचारतच नाहीये.”

यावर आम्ही बराच वेळ बोललो, आणि मला वाटतं या परीक्षेचं मर्म त्या बोलण्यात माझ्या हाती लागलं. ‘इ’ खरं आहे म्हणून आकर्षक होतंच, पण ते आणखी एका कारणाने आकर्षक होतं: त्याने उताऱ्यातलं कोडं सुटत होतं. लहानच का घटतात, मोठे का नाही, हा प्रश्न उतारा वाचताना मनात उभा राहतो आणि ‘इ’ त्याला चोख उत्तर देतं. मन लगेच सैल होतं. पण नीट पाहिलं तर आधार इथे उलट दिशेने वाहतोय. ‘इ’ खरं मानलं तर उताऱ्यातली घटना समजते. उतारा खरा मानला म्हणून ‘इ’ खरं ठरत नाही. विसंगती उलगडण्याच्या प्रश्नात हाच पर्याय बरोबर ठरला असता.

मैत्रीण सहजासहजी ऐकणारी नव्हती, आणि तिचा पुढचा मुद्दा खरोखर तोलामोलाचा होता. “विज्ञानात आपण असंच करतो,” ती म्हणाली. “जे स्पष्टीकरण सगळ्यांत चांगलं बसतं ते स्वीकारतो. मग उताऱ्यातून स्पष्टीकरणाला आधार मिळत नाही असं कसं म्हणतेस?” मिळतो, थोडा मिळतो. पण एखाद्या स्पष्टीकरणाला भक्कम आधार मिळायचा तर बाकीची स्पष्टीकरणं बाजूला सारलेली असावी लागतात. उताऱ्याने फक्त एकाला बाजूला सारलंय, भक्ष्य कमी पडण्याला. अंडी घालायला ओली माती मिळत नसेल, लपायला झुडपं राहत नसतील, शिकारी पक्षी पाण्याच्या शोधात त्या बाजूला येत असतील, यांतलं काहीही असू शकतं, आणि त्याबद्दल उतारा गप्प आहे. बाजूला सारलेल्या त्या एकाच गोष्टीबद्दल ‘आ’ बोलतो. तोही जपून: ‘एकूण तुटवड्यामुळे’ म्हणतो, ‘नसावी’ म्हणतो. उताऱ्यात ‘जवळपास तेच कीटक’ असं आहे, म्हणजे लहान सरडे एखादा वेगळा कीटकही खात असतील एवढी फट उरतेच. ‘नसावी’ने ती फट मान्य केली आहे. ‘इ’ला अंदाज बांधावा लागतो. ‘आ’ला फक्त उताऱ्यातली दोन वाक्यं शेजारी ठेवावी लागतात.

बाकीचे तीन पटकन बघू. ‘अ’ला उताऱ्यात काडीचाही आधार नाही. ‘ई’ फसवा आहे: कमी पावसात घटतात, म्हणून पुरेशा पावसात वाढतात असं वाटतं, पण ते स्थिरही राहू शकतात. ‘उ’मधल्या ‘कोणत्याही वर्षी’ या शब्दांनी त्याचा घात केला, उतारा फक्त कमी पावसाच्या वर्षांबद्दल बोलतो.

जाणकार माणसाला हे प्रश्न जड जातात, हे मला तिच्याकडे पाहून कळलं. त्या विषयातलं काहीच माहीत नसलेल्याला उताऱ्याबाहेर पाहायला काही नसतंच. ज्याला माहीत आहे त्याला स्वतःची विद्या काही काळ बाजूला ठेवावी लागते, आणि त्याला मनाचं बळ लागतं. मानसशास्त्रात यावर काम झालेलं आहे. १९८३ मध्ये जोनाथन एव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की निष्कर्ष पटण्यासारखा असेल तर लोक सदोष युक्तिवादही बरोबर मानतात, आणि निष्कर्ष न पटणारा असेल तर युक्तिवादाकडे जास्त कडक नजरेने बघतात. त्यामुळे पर्याय वाचून ‘हो, बरोबर आहे की’ असं मनात उमटलं की तिथेच थांबून उताऱ्यातलं वाक्य शोधायचं, ही सवय मी लावून घेतली. स्क्रीनवर वाक्य रंगवायची सोय असते. सरावात मी उत्तर निवडायच्या आधी आधाराचं वाक्य रंगवत असे. रंगवायला काही सापडलं नाही, तर तो पर्याय कितीही खरा वाटो, निवडायचा नाही.

‘काही’, ‘बहुतेक’, ‘सगळे’ या शब्दांनी माझा सर्वांत जास्त वेळ घेतला, आणि तो वेळ सत्कारणी लागला असं मी म्हणेन. बोलताना आपण ‘काही मुलं आली’ म्हणतो तेव्हा सगळी आली नाहीत हे त्यात धरलेलंच असतं. परीक्षेत तसं नाही. ‘काही’ म्हणजे निदान एक, सगळेसुद्धा असू शकतात. ‘बहुतेक’ म्हणजे निम्म्याहून जास्त, तेही सगळे असू शकतात. हे एकदा मान्य केलं की एक सुंदर गोष्ट दिसते. समजा, एका संस्थेतले बहुतेक अनुवादक तीन भाषा जाणतात, आणि त्याच संस्थेतले बहुतेक अनुवादक घरून काम करतात. वरवर पाहता या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. पण तीन भाषा जाणणारा आणि घरून काम करणारा निदान एक अनुवादक तिथे असलाच पाहिजे. दहा अनुवादक धरा. सहा जण तीन भाषा जाणतात, सहा जण घरून काम करतात. सहा आणि सहा बारा, माणसं दहाच. निदान दोघांना दोन्हीकडे मोजावंच लागतं. संस्थेत कितीही माणसं असोत, दोन बहुसंख्य गट एकमेकांना कुठे तरी भेटल्याशिवाय राहत नाहीत.

आता वाक्यं जरा फिरवा. बहुतेक कवी वाचक असतात. बहुतेक वाचक कविता वाचत नाहीत. म्हणून काही कवी कविता वाचत नाहीत? कानाला आधीच्याइतकंच ठीक वाटतं, पण यातून काहीही निघत नाही. वाचकांचा समुदाय प्रचंड, कवींचा त्यात मूठभर. कविता न वाचणारे सगळे वाचक कवींच्या बाहेरचे असू शकतात. पहिल्या उदाहरणात दोन्ही ‘बहुतेक’ एकाच गटाचे होते, दुसऱ्यात दोन वेगळ्या गटांचे. एलसॅटचे पेपर काढणाऱ्यांना हा फरक फार प्रिय आहे. तो मी सूत्र म्हणून पाठ केला नाही. दर वेळी दहा माणसं मनात उभी करून मोजली, आणि अजूनही तसंच करते. सूत्रापेक्षा याला किंचित जास्त वेळ जातो, पण घाईगडबडीत सूत्र उलटं आठवण्याची भीती राहत नाही.

‘जर–तर’च्या विधानांसाठी मला न्याय दर्शनातल्या, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातल्या, धूर आणि अग्नीचा मोठा उपयोग झाला. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. कारण जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी. हे अनुमान ठीक. पण अग्नी दिसला म्हणून धूर असलाच पाहिजे असं म्हणता येत नाही, आणि त्यासाठी आपल्या नैयायिकांनी दिलेला दाखला म्हणजे तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा: अग्नी आहे, धूर नाही. परीक्षेत अटींची वाक्यं कितीही वळणं घेऊन आली, ‘असल्याशिवाय’, ‘तेव्हाच’, ‘फक्त’ अशी, तरी मी मनात एकच विचारत असे: इथे धूर कोण आणि अग्नी कोण? ‘परवाना असल्याशिवाय प्रवेश नाही’ यात प्रवेश हा धूर, परवाना हा अग्नी. आत कुणी दिसला तर त्याच्याकडे परवाना असणार. परवाना आहे म्हणून प्रवेश मिळेलच असं वाक्य कुठेही म्हणत नाही. परवाना नाही, तर प्रवेशही नाही. हे मात्र निघतं, जसं अग्नी नसेल तिथे धूर नसतो.

ही गोष्ट माणसाच्या मनाला उपजत येत नाही, याचा पुरावा पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात दिला. चार पत्ते, प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला संख्या. समोर दिसतं ते असं: एकावर स्वर, एकावर व्यंजन, एकावर सम संख्या, एकावर विषम. नियम असा, की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम खरा आहे का हे तपासायला कोणते पत्ते उलटाल? बहुतेक जण स्वर आणि सम संख्या असलेले उलटतात. खरं तर स्वराचा आणि विषम संख्येचा पत्ता उलटायला हवा, कारण स्वर आणि विषम संख्या एकाच पत्त्यावर निघाल्या तरच नियम मोडतो. सम संख्येमागे काहीही असलं तरी नियमाला धक्का लागत नाही. एवढ्या शिकल्यासवरल्या लोकांची इथे गल्लत होते, तेव्हा सरावात एखादा प्रश्न अडला तर मनाला लावून घेण्यात अर्थ नव्हता. सराव वाढवण्यात होता.

सराव करताना मी वेळ लावून एक विभाग सोडवत असे, आणि उत्तरं न पाहता तोच विभाग पुन्हा घड्याळाशिवाय. दुसऱ्या वेळी प्रत्येक पर्यायापुढे वहीत कारण लिहायचं, बरोबर वाटलेल्याही आणि नाकारलेल्याही. ‘आवडला नाही’ हे कारण चालणार नाही. ‘उताऱ्यात संख्येबद्दल काही नाही, फक्त प्रमाणाबद्दल आहे’ हे चालेल. हे काम कंटाळवाणं आहे, दोन तास जातात आणि हाती २५ प्रश्न येतात. पण मला जी प्रगती दिसली ती याच तासांतून. नुसते पेपरामागून पेपर सोडवत गेलं तर तोच गोंधळ अधिक वेगाने घालण्याची सवय लागते.

एक सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो: ‘सगळे’, ‘कधीच’, ‘कोणताही’ असे ठाम शब्द असलेला पर्याय सोडून द्या, सौम्य शब्दांचा घ्या. मी याच्या विरोधात आहे. सौम्य पर्याय बरोबर निघण्याचं प्रमाण जास्त असतं हे कबूल, कारण थोडं म्हणणाऱ्याला थोडा आधार पुरतो. पण कारण विसरून नुसता नियम हातात धरला की हे बघा काय होतं. एका मंडळाच्या घटनेनुसार थकबाकीदार सभासदाला मताधिकार नसतो, आणि मताधिकार नसलेल्याला अध्यक्षपदाची निवडणूक लढवता येत नाही. पर्याय: ‘कोणताही थकबाकीदार सभासद अध्यक्षपदाची निवडणूक लढवू शकत नाही.’ शब्द ठाम आहे, आणि पर्याय पूर्णपणे बरोबर आहे, कारण उताराच ठाम आहे. शेजारी ‘काही सभासद घटनेबद्दल नाराज असावेत’ असा मवाळ पर्याय ठेवला तर सल्ला मानणारा तिकडे जाईल, आणि उताऱ्यात नाराजीचा मागमूसही नसेल. पर्यायाचं वजन उताऱ्याच्या वजनाशी ताडून बघायचं. नुसता पर्याय हातात घेऊन तो जड की हलका हे ठरवून काही उपयोग नाही.

परीक्षेच्या दिवसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ओळखपत्र, तपासणी, खोलीत फक्त परवानगी असलेल्या वस्तू, दुसऱ्या विभागानंतर दहा मिनिटांची सुटी. स्क्रीनवर नको असलेल्या पर्यायावर काट मारता येते आणि प्रश्नाला खूण करून पुढे जाता येतं, त्या दोन्ही सोयी मी भरपूर वापरल्या. वजा गुण नसल्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही हे ठरलेलं होतं: अडलं तर त्या क्षणी सरस वाटतो तो पर्याय निवडायचा, खूण करायची, पुढे सरकायचं. पहिले दहाएक प्रश्न तुलनेने सोपे असतात, तिथे वाचवलेला वेळ शेवटच्या दहांत खर्च करायचा, एवढं नियोजन होतं आणि ते साधलं.

जे सांगण्यासारखं आहे ते दोन पर्यायांवर अडण्याबद्दल. पाचांतले तीन बहुतेक वेळा लवकर गळतात. उरलेल्या दोनांत मन हेलकावे खातं, आणि तिथे तेच ते पुन्हा वाचत राहिलं तर मिनिटभर सहज जातं. मी तिथे पर्याय वाचणं बंद करत असे. त्या दोन पर्यायांत नेमका कुठे फरक आहे तेवढं शोधायचं, आणि फक्त त्या फरकाचा प्रश्न घेऊन उताऱ्याकडे परत जायचं.

कसं ते दाखवते. एका ग्रंथालयातून दहा वर्षांपूर्वी जी पुस्तकं घरी नेली जात, त्यांत ३० टक्के कथा-कादंबऱ्या असत. आज त्या २० टक्के आहेत. याच काळात घरी नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची एकूण संख्या दुप्पट झाली. शेवटी उरलेले दोन पर्याय असे: ‘वाचकांची कथा-कादंबऱ्यांची आवड कमी झाली आहे’ आणि ‘दहा वर्षांपूर्वीपेक्षा आज कथा-कादंबऱ्या जास्त संख्येने घरी नेल्या जातात’. पहिला वाचताच पटतो, ३० वरून २० म्हणजे घसरणच. दुसरा तर उताऱ्याच्या विरुद्ध वाटतो. फरक कुठे आहे? एक आवडीबद्दल बोलतो, दुसरा संख्येबद्दल. मग उताऱ्याला दोनच प्रश्न: आवडीबद्दल काही आहे का? नाही, घरी नेण्याबद्दल आहे. संख्या काढता येते का? येते. तेव्हा १०० पुस्तकं जात असतील तर ३० कथा-कादंबऱ्या होत्या. आज २०० जातात, त्यांतल्या ४०. वाटा घटला आणि संख्या वाढली, दोन्ही एकाच वेळी खरं आहे. आवड घटली की वाढली, की इतर पुस्तकं वाचणारे नवे लोक आले, यावर उतारा काहीच म्हणत नाही. दुसरा पर्याय निवडायला आता दहा सेकंदही लागत नाहीत, आणि निवडल्यावर पुन्हा मागे वळून बघावंसं वाटत नाही.

विभागाच्या अखेरीस थोडा वेळ उरला की खूण केलेले प्रश्न मी पुन्हा उघडत असे, आणि त्यासाठी एकच अट ठेवली होती. नुसतं ‘दुसरा बरा वाटतोय’ म्हणून उत्तर बदलायचं नाही. पहिल्या वेळी नजरेतून निसटलेला एखादा शब्द उताऱ्यात सापडला, तरच बदलायचं. परीक्षेत एका प्रश्नात तसा एक ‘बहुतेक’ सापडला. निवडलेल्या पर्यायाला ‘सगळे’ लागत होतं, त्याच्या खालच्याला ‘बहुतेक’ पुरत होतं. उत्तर बदललं, आणि बाकीच्या खुणा होत्या तशाच राहू दिल्या.